टायरमध्ये हवा टिकत नाही? आधी आकडा तपासा, मग भोक शोधा

लक्षणं

दर आठवड्याला त्याच एका चाकात हवा भरावी लागते. पंक्चरवाल्याने टायर चारही बाजूंनी पाहिला, काही सापडलं नाही, तरी चार दिवसांत टायर पुन्हा मऊ. सकाळी गाडी स्टँडवरून काढून ढकलताना जड जाते. कमी वेगात हँडल वळवायला जोर लागतो. वळणावर मागचा भाग डुलतो, गाडी झुकवली तरी लगेच साथ देत नाही. चाक खड्ड्यात गेलं की रिमवर कोरडा ठोका बसल्याचा आवाज येतो. पेट्रोल पूर्वीपेक्षा लवकर संपतं.

टायरची झीज पाहिली तरी कळतं. दोन्ही कडांची नक्षी उतरली आणि मधली शाबूत असेल तर हवा बरेच दिवस कमी राहिली आहे. मधोमध सपाट पट्टा पडला असेल तर हवा जास्त राहिली आहे, किंवा गाडी रोज सरळ हमरस्त्यावरच धावते आहे. गोव्यातल्या डिचोलीहून पणजीला नोकरीला जाणाऱ्यांच्या मागच्या टायरवर असा पट्टा हवा बरोबर असतानाही पडतो, त्यामुळे निव्वळ झिजेवरून निकाल देऊ नका.

उलट त्रासही होतो. हवा भरून घेतल्यापासून गाडी आपटायला लागते, बारीक खडीवर उडते, पावसात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सरकते. हा जास्त हवेचा त्रास, आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हवेचा दाब चुकीचा दाखवणारा गेज असतो.

मी डिचोलीत गॅरेज चालवतो. 'टायरांत वारो उरना' ही तक्रार घेऊन रोज कोणी ना कोणी येतं. त्यांतल्या कितीतरी टायरांना भोक नसतंच. कोणी हवा गरम टायरवर मोजलेली असते, कोणी दर वेळी वेगळ्या गेजवर मोजलेली असते, कोणी दुसऱ्याच्या गाडीच्या दाबाचा आकडा धरून भरलेली असते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या तीन तपासण्यांना पैसे लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात, आणि त्या केल्याशिवाय पुढच्या कुठल्याच तपासणीवर विश्वास ठेवता येत नाही.

तुमच्या गाडीचा आकडा कोणता?

योग्य आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. मोटारसायकलला तो बहुधा चेन कव्हरवर किंवा मागच्या स्विंग आर्मवर चिकटवलेला असतो, स्कूटरला सीटखाली किंवा पुढच्या पॅनेलच्या आत. स्टिकर उडाला असेल तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात बघा. टायरच्या बाजूवर 'मॅक्स' म्हणून कोरलेला आकडा वापरू नका. टायर जास्तीत जास्त किती वजन आणि किती दाब सोसेल ते तो सांगतो. तुमच्या गाडीचं वजन, तिची सस्पेन्शन आणि तिचं वागणं टायर बनवणाऱ्याला ठाऊक नसतं.

स्टिकरवर दोन ओळी असतात, एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच मोटारसायकलींना पुढे २५ आणि मागे एकट्याला २८-२९ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असा आकडा आढळतो. डबलसीटचा मागचा आकडा बराच वर जातो, काही मॉडेलांना ४० पर्यंत. हे नमुन्यादाखल सांगितलं. तुमच्या गाडीचं स्टिकर हेच शेवटचं प्रमाण.

मागच्या टायरची हवा वजनावर ठरते, सवयीवर नव्हे. पायलट, म्हणजे मोटारसायकलवर भाड्याने माणसं नेणारे, त्यांच्या गाडीवर दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असतं, त्यांनी डबलसीटचाच आकडा कायम ठेवावा. मागे माशांची पेटी बांधून गावोगाव फिरणाऱ्यांनीही तेच करावं. बर्फासकट भरलेली पेटी माणसाइतकी सहज भरते. सकाळी मुलाला शाळेत सोडून पुढे दिवसभर एकटे फिरणाऱ्यांनी एकट्याचा आकडा धरला तरी चालतं.

एककाचा गोंधळ इथेच मिटवून टाकू. स्टिकरवर कधी किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतं, कधी केपीए, कधी बार. १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय, १ बार म्हणजे १४.५, आणि १०० केपीए म्हणजेही १४.५. त्यामुळे '२.००' लिहिलेलं असेल तर ते किलोत २८.४ होतं आणि बारमध्ये २९. अर्ध्या पीएसआयने कोणी पडत नाही. पण '२.२५' हे बावीस-पंचवीस वाचून तेवढीच हवा भरलेल्या गाड्या गॅरेजमध्ये येतात, म्हणून सांगतो: किलोत २.२५ म्हणजे ३२ पीएसआय.

थंड टायर म्हणजे नेमकं काय

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे. गाडी निदान तीन तास उभी, तीही सावलीत. एक-दोन किलोमीटर सावकाश चालवून आलेला टायरही चालून जातो, त्यापलीकडे नाही.

कारण साधं आहे. टायर रस्त्यावर दबतो, सुटतो, पुन्हा दबतो, त्यात रबर तापतं आणि आतली हवाही तापते. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. आपल्या दुचाकीच्या टायरांसाठी तापमान दहा अंश सेल्सियसने बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो, हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. अर्धा तास गाडी हाकली की तीन-चार पीएसआय सहज चढतात.

आता दोन नेहमीचे प्रसंग बघा. पहिला: पणजीहून भर दुपारी आलेला माणूस वाटेत पंपावर थांबतो, गेज ३२ दाखवतो, स्टिकर २८ सांगतो, म्हणून तो चार पीएसआय सोडून देतो. दुसऱ्या सकाळी टायर २४ वर असतो आणि मग 'रात्रीत हवा गेली' असं वाटतं. गरम टायरमधून हवा सोडायची नाही, हा नियम पक्का धरा. दुसरा प्रसंग थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत सत्तरी तालुक्याच्या बाजूला पहाटे चांगलाच गारवा असतो आणि दुपारी तिशी ओलांडते. दुपारी मोजलेला आकडा आणि पहाटे मोजलेला आकडा यांत दीड पीएसआयचा फरक नुसत्या हवामानाने पडतो. ती गळती नव्हे.

उन्हाचंही तसंच. मे महिन्यात गाडी अशी उभी असते की मागचा टायर उन्हात आणि पुढचा झाडाच्या सावलीत. काळं रबर तापतं आणि मागच्या टायरचा आकडा फसवा येतो. गाडी सावलीत घ्या, तास-दोन तास जाऊ द्या, मग मोजा.

अडचण अशी की घरी कॉम्प्रेसर नसतो आणि पंपावर पोचेपर्यंत टायर गरम होतो. त्यावर अचूक उपाय आहे आणि तो मी प्रत्येक गिऱ्हाइकाला लिहून देतो. सकाळी घरी थंड टायर आपल्या गेजने मोजा. समजा २४ आला आणि पाहिजेत २८, म्हणजे तूट ४ ची. पंपावर पोचल्यावर त्याच गेजने पुन्हा मोजा, समजा आता २७ दाखवतो. तर २८ पर्यंत भरायचं नाही. २७ मध्ये तूट मिळवून ३१ पर्यंत भरायचं. दुसऱ्या सकाळी थंड टायर २८ च्या अगदी जवळ मिळतो. तूट थंडीत मोजायची आणि गरमीत तेवढीच भरायची, एवढंच हे गणित आहे.

पंपावर हवा फुकट मिळते, ती मागायला संकोचू नका. फक्त एक पाहा: पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि ते रोज सोडलेलं नसेल तर हवेबरोबर टायरमध्ये जातं. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर बोटाला तुषार लागले तर त्या पंपावर पुन्हा हवा भरू नका. आतलं पाणी स्टीलची रिम आतून गंजवतं आणि त्याच्या वाफेने गरम टायरचा दाब कोरड्या हवेपेक्षा जास्त चढतो.

गेज खरं बोलतो का?

दुचाकीसाठी ज्याचा पूर्ण आकडा ६० पीएसआयपर्यंत आहे असा गेज घ्या. यामागे हिशेब आहे. साध्या डायल गेजची चूक त्याच्या पूर्ण मापाच्या टक्क्यांत धरतात. तीन टक्के चुकीचा ६० चा गेज १.८ पीएसआय इकडेतिकडे होईल. तेवढ्याच चुकीचा १६० चा गेज जवळजवळ पाच पीएसआय चुकेल. ट्रक-टिपरांची हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला असाच मोठा गेज असतो. आमच्या खाण पट्ट्यात अशी दुकानं रस्त्याला लागूनच आहेत आणि दुचाकीवाले तिथेच थांबतात. ट्रकला पाच पीएसआयने फारसा फरक पडत नाही, तुमच्या २५ च्या पुढच्या टायरला पडतो.

स्वतःचा गेज एकदा तपासून घ्या. एकाच थंड टायरवर, लागोपाठ, तीन वेगवेगळ्या गेजनी मोजा: तुमचा, एखाद्या मित्राचा आणि गॅरेजमधला किंवा चांगल्या टायर दुकानातला. दोन जुळले आणि एक वेगळा आला तर वेगळा कोणता ते कळलं. तुमचा गेज कायम दोन पीएसआय जास्त दाखवतो असं ठरलं तरी तो टाकून देऊ नका. त्यावर '२ वजा' असं पेनाने लिहून ठेवा. दर वेळी सारखंच चुकणारा गेज वापरता येतो. दर वेळी वेगळं सांगणारा मात्र फेकावा. डायल गेज एकदा फरशीवर पडला की पुन्हा असा ताळा केल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

गेज व्हॉल्व्हवर सरळ आणि एका दमात दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर वाचन कमीच येणार. स्कूटरच्या लहान चाकात मुळातच हवा थोडी असते, दोन-तीनदा असं फुसफुसलं की खरोखरच दाब उतरतो. भरताना दोन पीएसआय जास्त भरावेत आणि गेजने मोजत मोजत खाली आणावेत. नेमका आकडा असाच लवकर गाठता येतो. हवा सोडायचं बटण असलेला गेज मिळाला तर थोडे पैसे जास्त पडले तरी घ्या.

आता चार सकाळी मोजा

आकडा, थंड टायर आणि गेज या तीन बाजूंची खात्री झाली की गाडीची खरी तपासणी सुरू होते. संध्याकाळी टायर योग्य आकड्यावर आणून ठेवा. मग सलग चार सकाळी, त्याच वेळी, त्याच गेजने, गाडी काढण्याआधी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन्ही चाकांचं लिहा. दोन्ही एकदम अर्धा-एक पीएसआयने हलली तर ते हवामान. एकच उतरत गेलं तर ती गळती.

किती उतरलं यावरून कुठे बघायचं हे बरंचसं कळतं. महिन्याला एक-दोन पीएसआय उतरणं हा रबराचा स्वभाव आहे, ट्यूब असो वा ट्यूबलेस. आठवड्याला तीन-चार उतरत असतील तर मला आधी व्हॉल्व्हचा, मग रिमच्या कडेचा, मग बारीक तारेचा संशय येतो. रोज पाच किंवा अधिक उतरत असतील तर बहुतेक सरळ पंक्चर आहे. तासाभरात डोळ्यांना दिसेल इतका टायर बसत असेल तर गाडी चालवू नका, हवा भरून 'तेवढं दुकानापर्यंत' असंही करू नका. पंक्चरवाल्याला घरी बोलवा.

व्हॉल्व्ह: सर्वांत स्वस्त दोष

टोपी काढा. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि निदान एक मिनिट बघत राहा. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, एवढंच लागतं. थेंब फुगला तर आतली पिन गळते.

पिन गळायची तीन कारणं मला नेहमी दिसतात: ती थोडी सैल असते, तिच्या बारीक रबरी वायसरवर माती बसलेली असते, किंवा पंक्चर थांबवायचं जेल टायरमध्ये घातलेलं असतं आणि ते पिनेवर सुकून बसलेलं असतं. आमच्याकडची तांबडी धूळ इतकी बारीक असते की टोपी नसलेल्या व्हॉल्व्हमध्ये ती आठवड्यात जाऊन बसते, आणि पुढच्या वेळी हवा भरताना तीच धूळ पिनेच्या बैठकीत ढकलली जाते. म्हणून टोपी नसेल तर आज बसवा. आत रबरी चकती असलेली टोपी किरकोळ गळतीही अडवते.

पिन फिरवायची छोटी चावी दुकानात मिळते. तिने पिन नुसत्या बोटांच्या जोराने आवळा. जास्त पिळली तर वायसर कापला जातो. आवळून थांबलं नाही तर पिन बदला; दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. पण पिन काढली की टायरमधली सगळी हवा जाते, म्हणून हे काम जवळ हवा भरायची सोय असेल तिथेच करा. काढण्याआधी पिन दाबून हवा सोडा आणि चेहरा व्हॉल्व्हसमोर आणू नका. दाबाखालची पिन गोळीसारखी उडते.

ट्यूबलेस चाकात व्हॉल्व्हचा रबरी देठ रिममध्ये बसवलेला असतो, त्याच्या मुळाशीही पाणी लावा. मग देठ हळूच एका बाजूला वाकवा. सरळ असताना गप्प आणि वाकवला की बुडबुडे, अशी तडकलेली मुळं मी पुष्कळ पाहिली आहेत. गाडी उभी असताना ती गळत नाहीत; चाक जोरात फिरतं तेव्हा देठ बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि मग गळतात. पंक्चरवाल्याला 'काही सापडलं नाही' याचं हे एक मोठं कारण. देठावर लांब धातूची जोडनळी किंवा जड टोपी लावून ठेवली असेल तर ती काढा, ती देठाला आणखी ओढते. मूळ तडकलं असेल तर टायर सोडवून देठच बदलावा लागतो. ते दुकानात.

टायरचा रस्त्याला लागणारा भाग

गाडी मधल्या स्टँडवर घ्या. मधला स्टँड नसेल तर दुसऱ्या कुणाला गाडी धरायला सांगा आणि थोडी थोडी पुढे ढकलत पाहा. सगळ्या नक्षीवर स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी मारा. घाई करू नका. बारीक गळतीचा बुडबुडा दिसायला दोन-तीन मिनिटं लागतात.

खिळा लगेच दिसतो. जत्रेची दुकानं उठल्यावर आठवडाभर आमच्याकडे खिळ्यांची पंक्चरं वाढतात. खरा त्रास देते ती तार. हमरस्त्यावर फुटलेल्या ट्रक टायरांच्या चिंध्या पडलेल्या असतात, त्यातली पोलादी तार केसाहून थोडीच जाड असते. ती नक्षीच्या खाचेत घुसते आणि डोळ्यांना दिसत नाही. टायर उचललेला असताना भोक मिटतं. तोच भाग रस्त्याला टेकला की उघडतं. संशय असेल तर पाणी मारून गाडी स्टँडवरून उतरवा, त्या जागेवर वजन येईल इतपत चाक पुढे-मागे करा आणि टेकलेल्या भागाच्या दोन्ही कडा बघा. जुनी स्ट्रिप (भोकात ठासायची रबरी वात) घालून बुजवलेली पंक्चरंही अशीच तपासा. स्ट्रिपच्या भोवती फेस दिसला तर ती जागा आतून पॅच लावून करून घ्या.

घरी स्ट्रिप घालायचं किट ठेवणं चांगलं, पण त्याची हद्द ओळखा. ती फक्त नक्षीच्या सपाट भागातल्या लहान भोकासाठी आहे. टायरच्या बाजूला, म्हणजे नक्षी संपून रबर वाकतं तिथे, काहीही घुसलेलं असेल तर दुरुस्ती नाही. तो भाग प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि स्ट्रिप बाहेर फेकतो.

जेलबद्दल माझं स्पष्ट मत आहे: रात्रीच्या प्रवासात अडकू नये म्हणून ठीक, गळती शोधायचा कंटाळा म्हणून घालू नये. ते भोक झाकतं, तार आत तशीच राहते आणि टायर सोडवताना रिमच्या कडेवर सुकलेला थर खरवडत बसावं लागतं.

रिमची कडा: समुद्राकडची आणि खाणीकडची

इथवर काही सापडलं नसेल आणि चाक ट्यूबलेस असेल तर टायर आणि रिम जिथे भेटतात त्या पूर्ण वर्तुळावर, दोन्ही बाजूंनी पाणी मारा. इथली गळती मोठ्या बुडबुड्यांनी दिसत नाही. पांढऱ्या बारीक फेसाची रेघ येते. चाक आडवं धरून कडेच्या खाचेत पाणी साठवलं तर आणखी स्पष्ट दिसते.

गोव्यात हा दोष जास्त सापडतो आणि दोन वेगळ्या कारणांनी. हरमल, मोरजी, कळंगुटकडच्या गाड्या वर्षभर खाऱ्या वाऱ्यात उभ्या असतात. अलॉय रिमचा रंग कडेला जिथे खरचटतो तिथून मीठ शिरतं, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड येते आणि टायरची कडा त्या खरबरीत जागेवर घट्ट बसत नाही. भाड्याने दिल्या जाणाऱ्या काळ्या पाटीच्या गाड्यांत हे हमखास, कारण त्या किनाऱ्यावरच्या वाळूत उभ्या राहतात आणि रिम क्वचितच धुतली जाते. आमच्या डिचोली-सांखळीच्या बाजूला मीठ नाही, चिखल आहे. कमी हवेवर टायर वळणावर चेपला की कडा क्षणभर सुटते आणि तांबडा चिखल आत जातो. सुकल्यावर त्याचा थर राहतो. म्हणजे कमी हवेने गळती होते, गळतीने हवा आणखी कमी होते, आणि हे चक्र पावसाळाभर चालतं.

यावर वरून काही लावून उपयोग नाही. टायर सोडवून रिमची बैठक स्वच्छ घासावी लागते, गरज असेल तर कडेला सीलर लावावा लागतो आणि त्याच वेळी व्हॉल्व्हचा देठ नवा घालावा लागतो. दोन किरकोळ कामं एकदम होतात आणि टायर पुन्हा सोडवावा लागत नाही.

चाक फिरवून रिमही बघा. ब्रेकजवळच्या एखाद्या स्थिर भागाशी कडेचं अंतर डोळ्याने मोजा. अंतर एका जागी कमी-जास्त होत असेल तर खड्ड्यात रिमला बाक आला आहे. अलॉय रिमला केसासारखी चीर असेल तर हवा तिथूनच जाते. ती वेल्डिंग करून चालवावी असं मी कुणालाही सांगत नाही. पुढच्या चाकाला तर मुळीच नाही. रिम बदला.

ट्यूबवाली चाकं

स्पोकच्या चाकांना बहुधा ट्यूब असते, तिथे साबणाचं पाणी फक्त व्हॉल्व्हच्या तोंडाशी उपयोगाचं. हवा स्पोकच्या टोकांतून बाहेर येते, म्हणून फेस दिसला तरी भोक तिथेच आहे असं समजू नका.

व्हॉल्व्ह रिममधून सरळ बाहेर आला आहे की तिरका, एवढं मात्र बघा. तिरका असेल तर कमी हवेवर टायर रिमवर सरकला आहे आणि ट्यूबला ओढतो आहे. असंच चालवलं तर देठ मुळापासून फाटतो आणि सगळी हवा एका क्षणात जाते. व्हॉल्व्हवरची चकरी रिमला घट्ट आवळून ठेवायची सवय बऱ्याच जणांना आहे. ती सैल करून टोपीच्या खाली आणून ठेवा, म्हणजे सरकलेली ट्यूब वेळेत दिसते.

ट्यूब बाहेर काढल्यावर पंक्चरवाल्याला भोकाची जागा विचारा. रस्त्याच्या बाजूला असेल तर काटा-खिळा. आतल्या बाजूला असेल तर स्पोकचं टोक वर आलं आहे किंवा रिमवरची रबरी पट्टी सरकली आहे, आणि ते नीट केल्याशिवाय नवी ट्यूबही टिकणार नाही. शेजारी शेजारी दोन समांतर चिरा असतील तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चेंगरली; म्हणजे हवा आधीपासूनच कमी होती.

पावसात हवा कमी करू नका

जून आला की काही जण दोन-चार पीएसआय सोडून द्यायला सांगतात, पकड वाढते म्हणून. डांबरी रस्त्यावर तसं होत नाही. नक्षीच्या खाचांचं काम पाणी बाजूला फेकायचं आहे. हवा कमी असली की टायर चेपतो, खाचा मिटतात आणि पाण्याच्या थरावर चाक लवकर तरंगतं. पावसातही स्टिकरचाच आकडा ठेवा. नक्षी झिजून खाचांतल्या उंचवट्याच्या खुणांना टेकली असेल तर कितीही अचूक हवा भरली तरी तो टायर पावसात नको.

चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. उंची वाढली की बाहेरच्या हवेचा दाब घटतो आणि गेज आत-बाहेरचा फरकच दाखवतो. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे, तिथे तोच टायर एक-सव्वा पीएसआय जास्त दाखवेल. तो सोडू नका. उतरून घरी आलात की तेवढाच कमी पडेल.

नायट्रोजनबद्दल विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. कोरडा असल्याचा फायदा थोडा आहे, पण त्यासाठी दर वेळी ठरावीक दुकान गाठायचं म्हणून लोक मोजणंच सोडतात. साधी हवा भरा आणि पंधरवड्यातून एकदा मोजा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

टायरच्या बाजूवर फुगवटा, आतले धागे दिसणारा काप किंवा भेगांचं जाळं असेल तर हवा भरून बघूसुद्धा नका. फुगवट्याचा अर्थ आतले थर तुटले आहेत. टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसत असली तरी रबर कडक आणि भेगाळलेलं असेल तर टायर बदलायचा.

टायर रिममधून सोडवायचं काम घरी करू नका. लिव्हरने अलॉयची कडा खरचटते आणि नवी गळती तिथूनच सुरू होते. टायर रिमवर पुन्हा बसवताना कडा जागेवर यावी म्हणून नेहमीपेक्षा जास्त दाब द्यावा लागतो. त्यात टायर किंवा रिम सदोष असेल तर फुटून जबर इजा होऊ शकते. ते काम मशीन आणि योग्य गेज असलेल्या दुकानाचं. मागचं चाक काढताना चेन आणि ब्रेकही सुटतात, ते परत नेमके लावता येत नसतील तर चाक काढूच नका. आणि हवा बरोबर असूनही गाडी वेगात थरथरत असेल, हँडल हलत असेल किंवा एका बाजूला ओढत असेल, तर दोष टायरच्या हवेत नाही. बेअरिंग, चाकाचा तोल, स्टिअरिंगचा कोन यांपैकी काहीतरी आहे. त्याच दिवशी मेकॅनिकला दाखवा.

काम झाल्यावर दुकानातून निघण्याआधी दोन गोष्टी बघा. टायरवरचा बाण चाक पुढे फिरतं त्याच दिशेला आहे ना, आणि रिमच्या कडेलगत टायरवर असलेली बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते ना. एखाद्या जागी ती आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, तिथेच पुन्हा बसवून घ्या. त्यानंतर घरी आणखी तीन सकाळी मोजा, त्याच गेजने.